मनवेल काकांचे बूट

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या संध्याकाळी जगातली सगळी उतरंड कायमची मोडली, असं मी तेविसाव्या वर्षी ठामपणे मानत होतो. आमच्या चर्चमध्ये मात्र पाय घरून धुऊन न्यायची पद्धत होती.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुवायचे. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडायच्या, त्यांवर गावातले बारा मानाचे पुरुष बसायचे, आणि त्या संध्याकाळपुरतं त्यांना प्रेषित म्हणायचं. आता फादरांसारख्या माणसापुढे मळका पाय कसा करायचा? म्हणून प्रेषितांच्या बायका सोमवारपासूनच कामाला लागायच्या. गरम पाणी, वजरी, झोपताना खोबरेल. गुरुवारपर्यंत त्या टाचांवर धुण्यासारखं काही उरायचं नाही.

त्या सोमवारी आई परसातल्या धुण्याच्या दगडाशी बसून बाबांची टाच घासत होती. बाबा म्हणजे याकोब मास्तर, मिशनच्या शाळेत शिक्षक आणि चर्च समितीचे चिटणीस. ते स्टुलावर बसून वह्या तपासत होते.

"दुसरा द्या," आई म्हणाली.

"उजवाच पुरे. फादर उजवाच धुतात."

"मग डावा काय घरी ठेवून जाणार आहात?"

बाबांनी डावा दिला. एवढ्यात बारांतल्या लुकास तात्यांची सून धापा टाकत आली. तात्या मोटरसायकलवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये, दीड महिना.

"कुठला पाय?" बाबांनी विचारलं.

"उजवा."

बाबांनी वही मिटली. "डावा असता तर भागलं असतं," ते म्हणाले.

संध्याकाळी फादरांच्या बंगल्याच्या ओसरीवर समिती बसली. लुकास तात्यांची खुर्ची त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली होती. बहुतेक खुर्च्या तशाच आलेल्या. पण तात्यांचा मुलगा सुरतला, त्यामुळे वारसाचा प्रश्न आला. समितीतल्या पौलस बापूंनी आपल्या जावयाचं नाव सुचवलं. मी युवक संघाचा सचिव म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. पुण्याला बी.ए. करून आलो होतो आणि माझ्या डोक्यात दोन वर्षांचं वाचन उकळत होतं. मी उभा राहिलो.

"बारावे मनवेल काका, मनवेल दिवे," मी म्हणालो.

पौलस बापूंनी आपली खुर्ची जराशी मागे घेतली, जणू काका तिथे येऊन बसलेच होते.

मनवेल काकांना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. मिशनच्या दवाखान्यात ते पूर्ण बरे झाले, त्यालाही वीस वर्षं उलटली होती. बरे झाल्याचं सर्टिफिकेट त्यांच्या घरात येशूच्या तसबिरीखाली चौकटीत लावलेलं होतं. चर्चच्या आवारातली झाडं आणि विहिरीची मोटर ते सांभाळायचे. पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. बोटं झडलेल्या पायात चप्पल राहत नाही. चर्चमध्ये ते सगळ्यात मागच्या बाकावर एकटे बसायचे आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळ्यांच्या शेवटी यायचे, म्हणजे त्यांच्यामागे घ्यायला कोणी उरू नये. हा नियम कोणी केलेला नव्हता. त्यामुळे तो मोडायचा कसा हेही कोणाला माहीत नव्हतं.

"आमचा विरोध नाही हो," पौलस बापू म्हणाले. "माणूस देवगुणी आहे. पण बायाबापड्या असतात, लेकरं असतात..."

"येशूने कोणाचे पाय धुतले असते, बापू? तुमच्या जावयाचे?"

"त्याच्या पायाला काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणूनच म्हणतो."

फादर रेबेलो मंगळूरकडचे. मराठी ते व्याकरणाच्या पुस्तकातून शिकले होते आणि आनंद झाला की ती उफाळून यायची. "अत्युत्तम!" ते म्हणाले. "हा विचार आमच्या मनात का बरे आला नाही?" त्यांनी स्वतः उठून फळ्यावर बारावं नाव लिहिलं. फादरांनी लिहिलेलं नाव पुसायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

मी घरी येताना शीळ वाजवत होतो.

मंगळवारी सकाळी काकांकडे गेलो. मी त्यांच्याकडे नेहमी चहा घ्यायचो. गावात त्यांच्या घरचा चहा घेणारे फादर आणि मी असे दोघेच. घेताना रस्त्यावरून कोणी बघतंय का, तेही मी बघायचो. म्हणजे बघावं म्हणून.

"काका, गुरुवारी तुम्ही बारावे प्रेषित."

काकांनी कपबशी खाली ठेवली. त्यांची बोटं आखडलेली होती, कप ते दोन्ही तळव्यांत धरायचे.

"कोणी ठरवलं?"

"मी सुचवलं. फादरांनी नाव लिहिलंसुद्धा."

"बरं," ते म्हणाले. मग दारातल्या शेवग्याकडे बघत म्हणाले, "सिमोन, गुरुवारी त्रिभुवन मंडळी येतायत. श्रीरामपूरहून."

हे मला माहीत होतं. एस्तेरचं, काकांच्या मुलीचं, जमत आलं होतं. मुलगा एस.टी.त होता. बघण्याचा कार्यक्रम तिच्या मामाकडे झाला होता. आता मंडळी गुरुवारी येणार, चर्चमध्ये मिस्सा ऐकणार, चहा घेणार आणि लग्नाची तारीख धरणार.

"मग चांगलंच आहे की. तुमचा मान बघतील."

"पाय बघतील."

"म्हणजे? त्यांना सांगितलेलं नाही?"

"मामाने सांगितलंय, कारखान्यात हातापायावर उसाची मोळी पडली. मी तिथेच बसलो होतो. नाही म्हणालो नाही." काका माझ्याकडे न बघता बोलत होते. "आधी दोन स्थळं गेली रे. एकाने तर तिने दिलेला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि बाहेर जाऊन हात धुतले. हे तिसरं."

मी त्यांना विश्वासाबद्दल सांगितलं. सत्य माणसाला मोकळं करतं वगैरे सांगितलं. पुण्यात ऐकलेलं एक व्याख्यान जवळजवळ पूर्ण दिलं. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं लग्न ठरलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बोल तू, बोल."

"तुम्हाला नको असेल तर फादरांना तसं सांगा ना."

"मी?" काका हसले. "मला मिशनवाल्यांनी बैलगाडीतून इथे आणलं, तेव्हा माझ्या सख्ख्या आईने दाराला आतून कडी लावली होती. ज्यांनी हे पाय राखले त्यांना पायाला हात लावू नका म्हणू? फादर माझ्या तोंडावर विचारतील तर मी हो म्हणेन. नाव तू घातलंस, तूच काढ."

बाहेर अंगणात एस्तेर धुणं वाळत घालत होती. बालवाडीत शिकवायची, त्यामुळे मोठ्या माणसांशीही ती जरा सावकाश आणि ठळक बोलायची.

"सिमोन, तुला माझ्या बाबांचे पाय बघायचेत का?"

"तसं नाही गं..."

"बघायचे असतील तर सकाळी सहाला ये. मी पट्टी बदलते, बूट बांधते. रोज असतं. त्यासाठी गुरुवारची वाट कशाला बघायची?"

"तुला पटतं का हे लपवणं?"

"मी पहिल्याच दिवशी सांगणार होते त्यांना. बाबांनी शपथ घातली." तिने चादर झटकली, पाणी माझ्या तोंडावर उडालं. ते मुद्दाम होतं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. "तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते मला माहीत होतं. फळ्यावरचं नाव माझ्या आयुष्यातला पहिला विजय होता, आणि तो दोन दिवसांत परत करणं माझ्या जिवावर आलं होतं. बुधवारी मी फादरांकडे गेलो नाही. युवक संघाच्या भित्तिपत्रकासाठी एक लेख लिहिला. विषय त्याग हा होता.

बुधवारी संध्याकाळी आई खोबरेलची बाटली शोधत होती.

"मनवेल भावजींना तू आधी विचारलं होतंस का रे?" तिने सहज विचारलं.

"त्यात विचारायचं काय? सन्मान आहे."

"हो, ते आहेच," आई म्हणाली. "पण यांच्या पायाला हात लावायच्या आधी मीसुद्धा विचारते. तीस वर्षं झाली."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी फादरांना सांगायला निघालो.

फादर बंगल्यात नव्हते. ते पापनिवेदनाच्या खोक्यात होते. पवित्र गुरुवारी सगळ्या गावाला आपली पापं एकदम आठवतात. बाहेर चाळीस माणसांची रांग होती आणि तिच्या तोंडाशी पौलस बापू उभे होते. मध्ये घुसणं शक्य नव्हतं. मी रांगेत उभा राहिलो. अडीच तासांनी माझा नंबर लागला. आत गेलो, सवयीने गुडघे टेकले, सवयीने तोंडातून निघालं, "फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे." आणि मग जाळीतून सगळं भडाभडा सांगितलं: श्रीरामपूरची मंडळी, उसाची मोळी, हात धुणारा माणूस, माझा लेख.

"सिमोन," फादर म्हणाले, "हे तू मला इथे का सांगितलेस?"

"तुम्ही दुसरीकडे सापडलाच नाहीत."

"अरे, पापनिवेदनात कानी आलेली गोष्ट मी बाहेर वापरू शकत नाही. बोलू शकत नाही, तीवरून काही करू शकत नाही. ती देवाकडे गेली. मला आता हे ठाऊकच नाही."

"मग समजा हे पापनिवेदन नव्हतं. मी नुसतं सांगितलं."

"तू गुडघे टेकले आहेस ना?"

"हो."

"झाले तर मग." फादरांनी सुस्कारा सोडला. "बाहेर भेट आणि पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून. मी प्रथमच ऐकेन."

"तुम्ही बाहेर कधी येणार?"

"तुझ्या मागे अजून किती आहेत?"

"पंधरा-सोळा."

"म्हणजे मिस्साच्या तोंडावरच. प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हण. आणि माझ्याकरताही एक म्हण."

पावणेसहाला फादर खोक्यातून निघाले ते थेट वेदीमागच्या झग्यांच्या खोलीत शिरले. मी त्यांच्या मागोमाग धावलो. खोलीत बाबा होते, आणि त्यांच्याशेजारी कोट घातलेले एक उंच गृहस्थ पवित्र पुस्तकातलं एक पान पुटपुटत होते.

"हे त्रिभुवन साहेब," बाबा अभिमानाने म्हणाले. "एस्तेरचे होणारे सासरे. पाहुणे आहेत म्हणून म्हटलं, पहिलं वाचन यांनाच द्यावं."

"आवाज मोठा ठेवू ना?" त्रिभुवन साहेबांनी मला विचारलं.

फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी फादरांकडे बघितलं. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"काही सांगायचे होते का, सिमोन?" त्यांनी विचारलं. विनवणीच्या सुरात म्हणायला हरकत नाही.

"फादर... मनवेल काका..."

"हो हो, आमचे व्याही!" त्रिभुवन साहेब म्हणाले. "आज त्यांचा मान आहे म्हणे. वा!"

बाबांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि घंटा झाली.

बारा खुर्च्यांवर बारा प्रेषित बसले. अकरा जणांच्या चपला खुर्च्यांखाली, पाय तेलाने चकचकीत. शेवटच्या खुर्चीत मनवेल काका. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस ओले करून बसवलेले, पायात धुऊन खडू लावलेले कॅनव्हासचे बूट. त्यांच्या आणि अकराव्या प्रेषिताच्या खुर्चीत एका खुर्चीची जागा मोकळी होती. ती खुर्ची मांडताना कोणी सरकवली ते कळलं नाही. त्रिभुवन साहेबांनी खणखणीत आवाजात वाचन केलं आणि जाऊन पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर, मुलाशेजारी बसले. त्यांच्या पत्नी बायकांच्या बाजूला, तिथेही पहिल्याच बाकावर. पाहुण्यांना पुढे बसवायची आमची पद्धत आहे.

फादर गुडघ्यांवर एकेका खुर्चीपुढे सरकत होते. मी पाणी ओतत होतो. पाय पुढे यायचा, पाणी, टॉवेल, फादर वाकून पायाचं चुंबन घ्यायचे, पुढचा पाय. बाबांच्या वेळी फादरांच्या ओठांना खोबरेल लागलेलं मला दिसलं. नववा झाला, दहावा, अकरावा. एरवी फादर हे सगळं दहा मिनिटांत उरकायचे. त्या दिवशी ते एकेक बोट पुसत होते.

मग आम्ही बाराव्या खुर्चीपुढे आलो.

काका बुटाच्या नाडीकडे वाकले. आखडलेल्या बोटांनी ती नाडी त्यांनी गेल्या वीस वर्षांत एकदाही सोडली नव्हती, हे मला तिथे समजलं. बोटं गाठीवरून घसरत होती. फादरांनी हात पुढे केला, तर काकांनी पाय नकळत मागे घेतला. काकांच्या कपाळावर घाम होता.

तेव्हा बायकांच्या बाजूने कोणीतरी उठलं.

एस्तेर मधल्या वाटेने चालत आली. आमच्याकडे बायका विधी चालू असताना वेदीपर्यंत जात नसत. ती आली, वडिलांच्या पायाशी बसली आणि फादरांना, बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं म्हणाली, "ही दुहेरी गाठ असते, फादर. ओढली तर आवळते."

"एस्तेर, जा," काका पुटपुटले. "तुला शपथ घातलीय मी."

"बोलायची नाही अशी घातलीय, बाबा. मी कुठे काय बोलले?"

तिने गाठ सोडली. बूट काढला. आतली कापडाची घडी काढली, मोजा काढला. दोनच बोटं उरलेला तो पाय तिने दोन्ही हातांत धरून फादरांच्या पुढे केला. पहिल्या बाकावर कोणीतरी खोकलं. मी पाणी ओतलं. फादरांनी पाय धुतला, पुसला, वाकले, आणि बराच वेळ वर आले नाहीत. वर आले तेव्हा त्यांनी काही न बोलता डाव्या बुटाकडे बोट केलं.

"फादर, उजवाच असतो," मागून बाबांचा चिटणिशी आवाज आला.

फादरांचं बोट तसंच राहिलं. एस्तेरने दुसरी गाठ सोडायला घेतली.

मिस्सा संपल्यावर ओसरीवर चहा होता. कप मी फिरवत होतो, कारण मला कोणाशी बोलायचं नव्हतं आणि ट्रे हातात असला की बोलावं लागत नाही. त्रिभुवन साहेब खांबाला टेकून मुलाशी हळू काहीतरी बोलत होते. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. एस्तेर वडिलांचे बूट पुन्हा बांधत होती. मनवेल काका कुठेच बघत नव्हते.

त्रिभुवन बाई उठून त्यांच्याकडे गेल्या. ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा. समोर उभ्या राहून एस्तेरचे हात बघत राहिल्या.

"सैल बांधतेस की घट्ट?"

एस्तेरने वर बघितलं. "घट्ट झालं तर त्यांना कळत नाही. पाय सुजतो. म्हणून बोट घालून बघते."

"रोज?"

"रोज."

"आई बांधत नाही?"

"आई गेली. मी दहावीत होते."

त्रिभुवन बाईंनी मान हलवली. मग वळून नवऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ही आपल्याकडे आल्यावर यांचे बूट कोण बांधणार? त्याचं काहीतरी आधी बघावं लागेल."

मी त्रिभुवन साहेबांपुढे ट्रे केला. त्यांनी चहा घेतला. आणि मग, बहुधा कप हातात घेऊन उभं राहायला जागा हवी म्हणून, ते मनवेल काकांच्याच बाकावर, त्यांच्या बाजूला बसले. काकांचा बाक भरलेला मी प्रथमच बघत होतो.

त्यांनी तारीख तेव्हा दिली नाही. कळवतो म्हणाले. आठ दिवसांनी कार्ड आलं, लग्न मे महिन्यात झालं. मुलाचे दोन चुलते आले पण जेवले नाहीत. एकाने डबा आणला होता.

त्या संध्याकाळी पाहुण्यांची एस.टी. गेल्यावर मनवेल काका मला म्हणाले, "सिमोन, फादरांनी पाणी कोमट घेतलं होतं का गार?"

"का हो?"

"पायाला कळत नाही ना. कोणी विचारलं तर सांगता यावं."

"कोमट होतं," मी म्हणालो. ते विहिरीचं होतं आणि चांगलं गार होतं.

"वाटलंच मला," काका म्हणाले.

पुण्याला परत जाऊन मी एम.ए. करणार होतो आणि नंतर समाज बदलणार होतो. ते राहून गेलं. मिशनच्या शाळेत लागलो. रोज सहाला मनवेल काकांचे बूट बांधायला जायचो. ते नऊ वर्षं चाललं. पहिल्या दिवशी मी गाठ घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशीपासून बोट घालून बघायला लागलो. चहा तेव्हाही घ्यायचो, पण रस्त्याकडे पाठ करून बसायचो.

ईस्टरनंतरच्या बैठकीचं इतिवृत्त बाबांच्या हस्ताक्षरात अजून चर्चच्या कपाटात आहे. त्यात एस्तेरचा, काकांचा, त्रिभुवन मंडळींचा उल्लेख नाही. पवित्र गुरुवारबद्दल एकच नोंद आहे: "यंदा पाय धुण्याच्या विधीस नेहमीपेक्षा बावीस मिनिटे अधिक लागली. सबब पुढील वर्षापासून प्रेषितांनी बूट घालून येऊ नये, असे सर्वानुमते ठरले."